पंडिता रमाबाईंचे उघडे दार

प्रार्थना करावयाची ती खोलीत जाऊन, दार लावून, एकांतात करावी असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकविले आहे. असे असता, प्रार्थनेचा विषय निघाला की आपल्या मराठी मंडळ्यांत ज्यांचे नाव हटकून घेतले जाते त्या पंडिता रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. आणि त्या उघड्या दारापायी त्यांना पुण्यात मोठी किंमत द्यावी लागली. वरवर पाहता हे उलटे वाटते. ते समजण्यासाठी बाईंच्या बालपणापर्यंत मागे गेले पाहिजे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले, आणि त्याबद्दल लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत, तीर्थांमागून तीर्थे करीत पायी हिंडू लागले. वाटेतच आईने मुलीला संस्कृत शिकविले. जप, स्नाने, उपवास, दानधर्म यांत या घराने काही कमी केले नाही. दुष्काळ आला तेव्हा जवळ होते नव्हते तेही देवाधर्मात संपले होते. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण गेली. उरली सोळा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास. हे आपण तुच्छतेने वाचू नये. अनंतशास्त्र्यांची तळमळ खरी होती, आणि बाईंनीही वडिलांविषयी नेहमी आदरानेच लिहिले. परंतु इतकी पारायणे केली म्हणजे इतके फळ, हा हिशेब त्या मुलीच्या डोळ्यांदेखत मोडला.

पुढची हकीकत वाचकांच्या परिचयाची आहे. १८७८ साली कलकत्त्यास 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. त्यानंतर भाऊ वारला. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये तेही पटकीने गेले. पदरी मनोरमा होती. १८८३ साली बाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. अमेरिकेत मदत उभी करून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले.

येथे एक गोष्ट आपणांपैकी पुष्कळांना चपापून सोडील. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे बाईंनी स्वतःच पुढे आपल्या साक्षीत कबूल केले आहे. उपासनेला त्या जात होत्या, शास्त्र वाचीत होत्या; पण मनाला स्वस्थता नव्हती. १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले की तारण हे मिळवावयाचे नसून घ्यावयाचे आहे. तेव्हापासून त्यांच्या प्रार्थनेतून तो जुना हिशेब गेला. जो बाप देतोच आहे, त्याच्याशी मूल बोलते तशी ती झाली.

आता ते दार. शारदासदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असा करार होता, आणि बाईंनी तो पाळला. मुलींना आपला सोवळाओवळा, पूजा, व्रते करण्याची मोकळीक होती. बाई मात्र पहाटे आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन वाचन व प्रार्थना करीत, आणि दार लावून घेत नसत. घरातल्या मुली आईच्या खोलीत येतात तशा या बालविधवा तेथे येऊन बसू लागल्या. कोणी बोलावले नव्हते, कोणी हाकलीतही नव्हते. एवढ्यावरून पुण्यात वादळ उठले. वृत्तपत्रांत टीका झाली, १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि वीस-पंचवीस मुली काढून नेण्यात आल्या. त्या मंडळींनाही अगदीच दोष देता येत नाही. लोकांच्या विश्वासावर संस्था चालवावयाची त्यांना काळजी होती. दार लावून घेतले असते तर सारे मिटले असते. बाईंनी ते लावले नाही. दाखविण्यासाठी प्रार्थना करू नये असे प्रभूने सांगितले. पण भीतीने लपवावी असे सांगितलेले नाही, एवढा फरक त्यांना स्पष्ट दिसत होता.

१८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या व सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. स्वतः लहानपणी जे भोगले तेच त्यांच्या डोळ्यांसमोर होते. पुण्यात प्लेग असल्यामुळे या मुलींची सोय केडगावला, पूर्वीच घेतलेल्या जमिनीवर, करावी लागली, तेच मुक्तिसदन. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि वस्ती १९०० च्या घरात गेली. त्या वर्षी पाऊस नव्हता. दोन विहिरी कोरड्या पडल्या, दोहोंत थोडे पाणी होते, आणि शंभरावर गुरेही होती. सारे सदन पाण्यासाठी प्रार्थना करी. संध्याकाळी विहिरीचा तळ दिसे, सकाळी पुन्हा दिवसापुरते पाणी आलेले असे, असे बाईंनी लिहून ठेवले आहे. साठा झाला नाही, दिवसापुरतेच मिळाले, हे मला त्यात विशेष वाटते. आणि प्रार्थना चालू असता स्वयंपाक, शेत, हातमाग, छापखाना यांतले एकही काम थांबले नाही.

जानेवारी १९०५ मध्ये बाईंनी रोज एकत्र प्रार्थना करण्यास कोण येईल असे विचारले. सुमारे ७० जणी आल्या. जूनपर्यंत ५५० जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनच्या अखेरीस उज्जीवन आले. एका मुलीला अग्नीचा अनुभव झाला तेव्हा दुसरी घाबरून पाण्याची बादली आणावयास धावली, अशी त्या रात्रीची हकीकत सांगतात. मुली रडून पापे कबूल करू लागल्या, शेकडो कंठ एकाच वेळी प्रार्थना करू लागले. मराठी, हिंदी, गुजराती, जिची जी भाषा तीत. काही मिशनऱ्यांना हा गोंगाट रुचला नाही. पण परदेशी शिस्तीचे जोखड आपल्या लोकांच्या भक्तीवर घालू नये असे बाईंचे मत होते. बाईंना तरुणपणापासूनच ऐकू कमी येई हे येथे आठवते. त्यांच्या कानांना त्यांतले किती पोचले असेल कोण जाणे. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्या मराठी बांधवांना मात्र ही भाषांची सरमिसळ परकी वाटणार नाही. तेथे शेजारच्या घरात तेलुगू, गोंडी किंवा उर्दू असतेच. रडणे ओसरल्यावर त्याच मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगावयास निघाल्या.

बाईंची शेवटची वर्षे पवित्र शास्त्राच्या भाषांतरात गेली. त्यासाठी त्या इब्री व ग्रीक शिकल्या, आणि एवढ्या संस्कृत पंडितेने शब्द निवडले ते खेड्यातल्या साध्या बाईला कळतील असे. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. जिच्या हाती मुक्ती सोपवावयाची तीच गेली. ती वाचावी म्हणून केडगावात प्रार्थना झाली नसेल असे कोण म्हणेल? त्या प्रार्थनेला बाईंनी मागितले तसे उत्तर मिळाले नाही. बाई पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांना देवाज्ञा झाली, आणि त्यांचे संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली बाहेर पडले, मुक्तीच्याच छापखान्यातून.