अण्णा परदेशी निघाले

आमच्या कर्वेनगरात थंडी पडू लागली की संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या मैदानावरून ड्रमचा आवाज येतो. शाळांच्या संचलनाची तालीम चालू असते. यंदा त्या आवाजात आमच्या शेजाऱ्यांची नात आहे. नववीतली पोर, बँडमध्ये साइड ड्रम वाजवते. नाताळच्या सुटीत बँड परदेशी वाजवायला नेणार, अशी शाळेची चिठ्ठी घरी आली आणि घरात दोन तट पडले. एवढा पैसा घालून पोर परक्या गावात चार रस्ते वाजवत फिरणार, त्यातून हाती काय लागणार, हा आजोबांचा सवाल. मी बँकेतून निवृत्त झालेला, म्हणून ते सल्ल्याला माझ्याकडे आले. मला चटकन उत्तर सुचेना. ज्यांच्या नावाच्या वस्तीत आम्ही दोघे राहतो, ते अण्णा मात्र आठवले. शाळेपायी परदेशी जाण्याचा हिशेब त्यांनीही मांडला होता, तोही सत्तरी उलटल्यावर.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, कोकणातला. घर मुरुडचे, परिस्थिती बेताची, स्वभाव कमालीचा बुजरा. त्यांचा पहिला मोठा प्रवास फसलाच. परीक्षेसाठी हा मुलगा कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैल पायी तुडवत साताऱ्याला पोहोचला. वयाची अट सतरा वर्षांची. दाखला जवळ होता. पण अंगाने किरकोळ असल्यामुळे तो सतरा वर्षांचा वाटत नाही, असे म्हणून समितीने त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. तो तसाच परतला. पुढच्या वर्षी कोल्हापुरात ती परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाला. अण्णांचे पुढचे सारे आयुष्य मला या एका फेरीत दिसते. अपमान गिळायचा, चालणे थांबवायचे नाही.

पुढचे बरेचसे वाचकांना ठाऊक आहे. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी, १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणिताची प्राध्यापकी. त्याच वर्षी पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया. मुरुडने या जोडप्याला वाळीत टाकले. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला. पुण्यात प्लेग आला तेव्हा तो हिंगण्याला हलवावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा दिली होती, तिथे झोपडी उभी राहिली. आज जिथे रिक्षा मिळायची मारामार, तिथे तेव्हा चिखलाची पायवाट होती. कॉलेज सुटले की अण्णा सामान घेऊन हिंगण्याला चालत येत आणि सकाळी पुन्हा शिकवायला पुण्यात जात.

घरच्यांनी याची किंमत मोजली. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा या माणसाने आश्रमाच्या नावे करून टाकली. बँकेत असतो तर मी अशा खातेदाराला समोर बसवून चार शब्द सुनावले असते! बायांनी ही ओढाताण 'माझे पुराण'मध्ये आडपडदा न ठेवता लिहिली आहे. अण्णांचे चरित्र वाचणाऱ्याने ते पुस्तक शेजारी ठेवावे, म्हणजे महर्षींच्या घरात चूल कोण पेटवत होते ते कळते.

आता परदेशाकडे वळू. त्याची सुरुवात एका पाकिटाने झाली. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णांना टपालाने आली. पाठवणारे होते बनारसचे शिवप्रसाद गुप्त. अण्णांनी ती चाळून बाजूला ठेवली. १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले, भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हाती लागली आणि त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ साली विद्यापीठ सुरूही झाले, अवघ्या पाच विद्यार्थिनींवर. शिक्षण मातृभाषेतून. सरकारी मान्यता मिळायला पुढे स्वातंत्र्य उजाडावे लागले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. त्यांनीही जपानचे ते विद्यापीठ पाहिले होते. दरसाल मिळायचे ते ५२,५०० रुपये, म्हणजे साडेतीन टक्के व्याज. हे गणित मला अजून तोंडपाठ आहे.

पण व्याजावर विद्यापीठ चालते, वाढत नाही. मान्यता नसलेली पदवी घेऊन मुलींनी कुठे जायचे, हाही प्रश्न होताच. मार्च १९२९ मध्ये अण्णा बोटीत बसले. सभेत चारचौघांपुढे बोलायला जन्मभर अवघडलेला हा माणूस इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या शिक्षक परिषदेला गेला, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदुस्थानातील स्त्रीशिक्षणावर बोलला, मग जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत त्याने आपला प्रयोग मांडला. ऑगस्टमध्ये तो डेन्मार्कच्या एल्सिनोरला होता. शेक्सपिअरने हॅम्लेटला ज्या गावात घोटाळत ठेवले, तेच हे गाव. कोकणातला हा वृद्ध ब्राह्मण तिथे कुठलाही घोळ न घालता हिंगण्याच्या मुलींबद्दल सांगत होता. सून इरावती त्या सुमारास बर्लिनमध्ये संशोधन करत होती. ज्या घरात विधवेशी लग्न केले म्हणून वाळीत पडावे लागले, त्याच घरातली सून डॉक्टरेटसाठी जर्मनीत!

पुढे अमेरिका. ते वर्ष दान मागायला जाण्याचे नव्हते. ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. तरी अण्णा फिरले, आणि शेवटी जपानला पोहोचले. टोकियोतले ते महिला विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुस्तिकेत वाचलेल्या जागी पाय लागायला जवळपास पंधरा वर्षे गेली होती, आणि मधल्या काळात पुस्तिकेवरून उभारलेले त्यांचे स्वतःचे विद्यापीठही चालू लागले होते.

एप्रिल १९३० मध्ये ते परतले. बाहात्तरीच्या माणसाने आता आरामखुर्ची धरावी की नाही? डिसेंबरात ते पुन्हा निघाले, आफ्रिकेला. मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पार दक्षिण आफ्रिकेपर्यंत. दुकाने थाटून बसलेल्या आपल्या लोकांपुढे त्यांनी झोळी पसरली. तब्बल सव्वा वर्ष हा दौरा चालला. लग्नकार्याची वर्गणी मागायलाही आपली जीभ रेटत नाही, म्हणून मला तिथला त्यांचा प्रत्येक उंबरठा जिनिव्हाच्या व्यासपीठापेक्षा उंच वाटतो.

१९५८ मध्ये शंभरी गाठली तेव्हा भारतरत्न मिळाले, आणि हयात असतानाच टपाल तिकिटावर त्यांचे चित्र आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले. हिंगण्याचे नाव पुढे कर्वेनगर झाले.

हे सारे मी शेजाऱ्यांना एका दमात सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि अण्णा मागायला गेले होते, आमची पोर वाजवायला चालली आहे, हा फरक दाखवून दिला. फरक खरा आहे, मी तो नाकारला नाही. अण्णांनी तरी परदेशात वेगळे काय केले, आमच्या मुली काय करू शकतात तेच सांगितले, एवढे मात्र म्हणालो. त्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग खिशातून कागद काढून त्यांनी विचारले, परकीय चलनाचा अर्ज कुठे भरायचा, आणि ड्रमचे वजन सामानात धरतात का?