कारखान्याचा भोंगा

मुलांनो, दक्षिण अटलांटिक महासागरात साउथ जॉर्जिया नावाचे एक बर्फाळ बेट आहे. तेथे स्ट्रॉमनेस या ठिकाणी गंजलेल्या पत्र्यांच्या ओसाड इमारती दिसतात. एके काळी येथे देवमाशांच्या चरबीपासून तेल काढत असत. सर अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या जीवनातील एक मोठा प्रसंग या कारखान्याशी जोडलेला आहे.

शॅकल्टन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८७४ रोजी आयर्लंडमध्ये झाला. सोळाव्या वर्षीच ते जहाजावर नोकरीला लागले. १९०९ साली दक्षिण ध्रुव केवळ १८० किलोमीटर दूर राहिला असताना ते मागे फिरले. अन्न संपत आले होते आणि त्यांना कीर्तीपेक्षा सोबत्यांचे प्राण प्रिय होते.

१९१४ साली ते अंटार्क्टिका खंड ओलांडण्यासाठी निघाले. परंतु त्यांचे 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फात अडकले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बुडाले. जहाजावरील २८ जणांनी कित्येक महिने बर्फावर काढले. मग होड्यांतून ते एलिफंट बेटावर पोहोचले. तिकडे कोणतेही जहाज फिरकत नसे. तेव्हा २२ जणांना तेथे ठेवून शॅकल्टन पाच सोबत्यांसह एका लहान होडीतून मदत आणण्यास निघाले. खवळलेल्या समुद्रातून सतरा दिवसांनी ते साउथ जॉर्जियाला पोहोचले.

पण कारखाने बेटाच्या दुसऱ्या बाजूला होते. दोघांना बरोबर घेऊन शॅकल्टन यांनी छत्तीस तासांत बर्फाचे डोंगर पार केले. २० मे १९१६ रोजी सकाळी सात वाजता त्यांना कारखान्याचा भोंगा ऐकू आला. त्यांना किती आनंद झाला असेल, याची तुम्हीच कल्पना करा! त्यांचा अवतार पाहून तेथील दोन मुले घाबरून पळाली. ओळखीच्या व्यवस्थापकानेही त्यांना ओळखले नाही.

शॅकल्टन स्वस्थ बसले नाहीत. तीन प्रयत्न फसले. चौथ्या वेळी, ३० ऑगस्ट १९१६ रोजी, त्यांनी सर्व २२ सोबत्यांना सुखरूप सोडवले.

५ जानेवारी १९२२ रोजी याच बेटाजवळ त्यांचे निधन झाले. बेटावरील ग्रिटविकेन येथे त्यांची कबर आहे.

आज तेथील भोंगे बंद आहेत. १९०४ ते १९६५ या काळात या बेटावर सुमारे पावणेदोन लाख देवमासे मारले गेले. देवमासे संपत आले, तसे कारखानेही बंद पडले. आता देवमासे तेथे पुन्हा दिसू लागले आहेत. मुलांनो, हावेपोटी उभे राहिलेले कारखाने गंजून गेले. सोबत्यांसाठी जिवावर उदार झालेल्या माणसाचे नाव मात्र जगाच्या आठवणीत राहिले.