सरखेलांचे आरमार

परकीयांनी ज्यांची गणना चाच्यांत केली, त्या कान्होजी आंग्रे यांचे नाव १९५१ साली स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळास दिले. हा न्याय उचितच झाला. तथापि कान्होजींचे स्मरण केवळ त्यांच्या शौर्यापुरते करणे आम्हांस अपुरे वाटते. त्यांचे खरे सामर्थ्य पाणी ओळखण्यात होते.

१६६९ साली जन्मलेल्या कान्होजींचे तारुण्य सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले आणि त्यांचे सरखेलपद कायम झाले. कुलाब्याहून त्यांनी कोकण किनाऱ्यावर हुकमत चालविली. त्यांचे दस्तक न घेता जाणाऱ्या व्यापारी जहाजास जप्तीचे भय असे. सागरावर परवाने देण्याचा जो अधिकार पोर्तुगीज आपला मानीत, तोच कान्होजींनी बजावला; मग चाचेगिरीचा आरोप त्यांच्यावरच का, हे सुज्ञांनी ठरवावे.

युरोपीय जहाजांच्या तोफा भारी होत्या; पण त्यांचे तळ खोल, आणि वारा पडला की ती जागीच खिळत. कान्होजींच्या गुराबी उथळ तळाच्या. त्यांच्यासोबत ४०-५० वल्ह्यांची हलकी गलबते असत. वारा नसला तर ही गलबते गुराबींना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत. तेथे शत्रूच्या बाजूच्या तोफा निरुपयोगी ठरत आणि गुराबीच्या नाळेवरील तोफा त्याची शिडे व डोलकाठ्या निकामी करीत. पाठलाग झालाच, तर खाडीचे उथळ पाणी आश्रयास होते. भरतीची वेळ, मतलई वारा, पाण्याखालचा खडक हे सारे जाणणारे कोळी, भंडारी, खारवी हीच या आरमाराची खरी दौलत.

इंग्रजांनी १७१७ साली विजयदुर्गावर व १७१८ साली खांदेरीवर केलेल्या मोहिमा फसल्या. १७२१ साली इंग्रज व गोव्याचे पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. त्या प्रसंगी बाजीराव पेशव्यांचे घोडदळ मदतीस धावले आणि पोर्तुगीजांना वेगळा तह करावा लागला. जमीन आणि समुद्र एकदिलाने लढल्याचे हे फळ होते.

१७२९ साली कान्होजी निवर्तले. पुढे पुत्रांत कलह माजला, घराणे दुभंगले. १७५६ साली खुद्द पेशव्यांनीच इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार एका दिवसात जळून गेले. जहाजे पुन्हा बांधता येतात. परंतु पिढ्यानपिढ्या मुरलेली नाविकविद्या राजाश्रयाविना टिकत नाही. ज्या किनाऱ्याचे रक्षण ती विद्या करीत होती, त्यावर पुढे परक्यांची सत्ता निर्वेध झाली.

सरखेलांना अभिवादन करताना त्यांच्या अनाम तांडेलांचे ऋणही आपण स्मरावे. समुद्राकडे पाठ फिरविणाऱ्या सत्तेस काय भोगावे लागते, याचा धडा याहून स्पष्ट असू शकत नाही, असे आम्हांस वाटते.