कै. पांडुरंग सदाशिव खानखोजे

पूर्वी आपल्या वरंध खोऱ्यात आडनाव सांगितले की गाव कळे आणि गाव सांगितले की घर कळे. आता आपली कुटुंबे घाट चढून पुण्यास, महाडवरून मुंबईस आणि तेथून समुद्रापार गेली आहेत. परदेशी वाढलेली नातवंडे सुट्टीत येतात आणि आपण नक्की कुठले, असे विचारतात. तेव्हा वडीलधाऱ्यांस चटकन उत्तर सुचत नाही. म्हणून कै. खानखोजे यांचे चरित्र आम्ही यंदा ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत, कोकणचेही नव्हेत. परंतु ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आयुष्य वेचून दिले आहे.

खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्धा येथे झाला. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण १९०६ च्या सुमारास घर सोडून प्रथम जपानास व तेथून अमेरिकेस गेला. तेथे त्यांनी दोन विद्या संपादन केल्या: सैनिकी शाळेत शस्त्रविद्या आणि ऑरेगॉन व वॉशिंग्टन ह्या राज्यांत शेतकीशास्त्र. एकीने देश सोडवावयाचा आणि दुसरीने तो पोसावयाचा, असा जणू त्यांचा संकल्प होता. १९१३ साली अमेरिकेतील हिंदी लोकांनी गदर पक्ष स्थापिला, त्यात खानखोजे अग्रभागी होते.

१९१४ साली महायुद्ध पेटताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले. तेथे त्यांनी नाव बदलले, वेष बदलला, भटक्या टोळ्यांत राहून त्यांची भाषा व रीतिरिवाज आत्मसात केले आणि इंग्रजांशी झुंज दिली. ते जखमी झाले, शत्रूच्या हाती सापडले आणि शिताफीने निसटले. त्यांचे सहकारी सूफी अंबाप्रसाद यांचा तर शिराझ येथे अंत झाला. पुढे बर्लिन व मॉस्को येथेही त्यांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी खटपट केली. पण यश आले नाही. मायदेशी पाऊल ठेवावे, तर इंग्रज सरकार टपलेलेच.

१९२४ साली ते मेक्सिकोस पोहोचले. आता शस्त्रविद्या निरुपयोगी झाली होती. शेतकीविद्या मात्र कामी आली. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका हे त्या देशाचे मुख्य अन्न. मका, गहू व कडधान्ये यांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या भिंतीवर एक चित्र रंगविले आहे. त्यात मेजाच्या अग्रस्थानी बसून सर्वांस भाकरी देणारा पुरुष खानखोजे यांच्या चेहऱ्याचा आहे. परक्या देशाने याहून मोठा मान तो काय द्यावा?

१९३६ साली त्यांनी एका बेल्जियन महिलेशी विवाह केला. मेक्सिकोत जन्मलेल्या दोन्ही कन्यांची नावे त्यांनी सावित्री व माया अशी ठेविली. पुढे सावित्रीबाईंनीच पित्याचे चरित्र लिहिले.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. परंतु खानखोजे यांनी स्वदेशी येण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती प्रथम नाकारण्यात आली. कारण इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच राहिले होते! ज्या देशासाठी घर सोडले, त्याच्याच दारात त्यांस परके ठरविले गेले. पुढे ती आडकाठी दूर झाली. अखेरची वर्षे नागपुरात घालवून १९६७ साली त्यांनी देह ठेविला. २०२२ साली चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

आम्ही अनेक वर्षे अध्यापन केले. परंतु वर्गात हे नाव कधी उच्चारले नाही, याची आज खंत वाटते. खानखोजे यांची ओळख कोणत्याही सरकारी कागदावर अवलंबून नव्हती. जेथे गेले तेथील अन्न खाल्ले, तेथील भाषा बोलले आणि तेथील भुकेल्यांसाठी राबले. तरीही आपण कोणाचे, हे ते विसरले नाहीत. नातवंडांनी पुन्हा विचारले, तर त्यांस ही हकीकत सांगावी. आपण वरंधचे आहोत, हे मनात जपावे आणि जेथे राहतो तेथील माणसांच्या उपयोगी पडावे. ह्या दोन गोष्टींत विरोध नाही. मात्र परदेशी गेलेल्या आपल्या मुलांस परके मानून काळ्या यादीत टाकण्याचे पाप गावाने करू नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे. इत्यलम्.