पाव, चहा आणि डोंगर

भीमतालच्या शिबिराला निघताना माझा पिट्ठू चौदा किलोंचा भरला होता. जॉन म्यूर मात्र पाव आणि चहा घेऊन कित्येक दिवस डोंगरात राहायचे. अनेकदा पांघरूणही नसायचं. (मी असा निघालो तर उस्ताद गेटवरूनच परत पाठवतील!)

म्यूर यांचा जन्म १८३८ सालचा, स्कॉटलंडमधला. १८४९ मध्ये वडिलांबरोबर ते अमेरिकेत आले. आधी शेतावर राबले, मग कारखान्यात यंत्रांवर. १८६७ मध्ये हातातली कानस निसटून उजव्या डोळ्यात घुसली. थोड्याच वेळात डाव्या डोळ्यालाही दिसेना. कित्येक आठवडे ते अंधाऱ्या खोलीत पडून होते. हा भाग मी दोनदा वाचला. दृष्टी परतली आणि त्यांनी कारखाना कायमचा सोडला. १८६९ च्या उन्हाळ्यात मेंढ्यांच्या कळपासोबत ते कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात चढले. आठ हजार फुटांवरच्या टेनाया सरोवराकाठी त्यांनी मुक्काम केला.

त्यांच्या लेखांचा मोठा हातभार लागून १८९० मध्ये तिथे योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झालं. मे १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आले, तेव्हा म्यूर यांनी त्यांच्यासोबत तीन रात्री रानात काढल्या. एका सकाळी पांघरुणांवर बर्फ साचला होता. रूझवेल्ट खूश!

उद्यानातली हेच हेची दरी मात्र म्यूर यांना वाचवता आली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी तिथल्या धरणाला १९१३ मध्ये मंजुरी मिळाली. पुढच्याच वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी, ते वारले. आज त्या दरीत मोठा तलाव आहे. त्यात पोहायला आणि होडी घालायला मनाई आहे.