नामदेव जाधव आणि सेनिओ नदीचा बांध

नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. दोन तारखेला आपण दफनभूमीत जातो, कबरी साफ करतो, मेणबत्त्या लावतो आणि आपापल्या माणसांची नावे घेतो. याच महिन्याच्या अकरा तारखेला, १९१८ साली, पहिले महायुद्ध थांबले. म्हणून जगातील अनेक देशांत त्या दिवशी युद्धात गेलेल्या सैनिकांचे स्मरण होते. या महिन्यात आपणही एका मराठी सैनिकाची आठवण काढू या. नाव नामदेव जाधव. जन्म १८ नोव्हेंबर १९२१, गाव निमज, तालुका संगमनेर, म्हणजे तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा.

आपल्या मूर्तिजापूरकरांना जवान ठाऊक असतो तो काळी ट्रंक घेऊन रेल्वेच्या फलाटावर उतरणारा. तो सुट्टीवर येतो, घरच्यांना भेटतो आणि परत जातो. तिकडे काय पाहिले ते बहुधा सांगत नाही आणि आपणही फारसे विचारत नाही.

नामदेव मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते, पहिल्या बटालियनमध्ये. तिला जंगी पलटण म्हणतात. खंदकातले हाल या पलटणीला नवीन नव्हते. पहिल्या महायुद्धात, नामदेवांच्या जन्माआधीच, तिचे शिपाई आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीकाठच्या कुट या गावी वेढ्यात अडकले होते. १४७ दिवस चिखलाच्या खंदकांत काढल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने त्यांना शरण जावे लागले. शेवटी शेवटी घोडे कापून खाण्याची वेळ आली होती. कैदेत गेलेल्यांपैकी कितीतरी जण वाटेतच मेले. त्या युद्धात गेलेल्यांसाठी कोकणात आणि सातारा भागात गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढेच त्यांवर लिहिलेले असते. आकडा असतो, नावे नसतात.

दुसऱ्या महायुद्धात रणगाडे आणि विमाने आली तेव्हा खंदकांचे दिवस संपले असे लोकांना वाटले. पण इटलीत ते पुन्हा आले. १९४५ च्या जानेवारीत मित्रराष्ट्रांची फौज उत्तर इटलीतील सेनिओ नदीपाशी येऊन थांबली आणि पुढचे तीन महिने जवळजवळ तिथेच होती. नदी म्हणाल तर किरकोळ. रुंदी पंधरा फूट, पाणी छातीपर्यंत. पण पुरापासून शेते वाचवण्यासाठी इटालियन शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या तिच्या दोन्ही बाजूंना मातीचे बांध घातले होते, तीस-पस्तीस फूट उंच आणि अगदी उभे. आपल्या पूर्णेचे काळ्या मातीचे काठ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना थोडी कल्पना येईल. फरक एवढाच, की हे बांध सपाट जमिनीच्या वर उचललेले होते. जर्मन सैनिकांनी दोन्ही बांध उंदरांनी पोखरावेत तसे पोखरले, आत राहण्याची भुयारे केली, मशिनगनच्या जागा केल्या आणि सुरुंग पेरले. काही ठिकाणी एकाच बांधाच्या एका अंगाला हे आणि दुसऱ्या अंगाला ते, अशी स्थिती होती.

त्या वर्षी ईस्टर १ एप्रिलला झाला. त्यानंतर आठव्या दिवशी, सोमवारी ९ एप्रिलला, शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला. दुपारभर विमानांनी आणि तोफांनी बांध भाजून काढले आणि संध्याकाळी भारतीय पलटणी निघाल्या. नामदेव तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांचे काम कंपनीच्या रनरचे, म्हणजे निरोप घेऊन धावण्याचे. तोफांच्या माऱ्यात टेलिफोनच्या तारा तुटतात, मग माणूसच तार होतो. त्यामुळे ते कंपनी कमांडरच्या जवळ, अगदी पुढच्या तुकडीच्या मागोमाग होते.

सान पोलितो गावाच्या उत्तरेला त्यांची तुकडी पूर्वेचा बांध ओलांडून पाण्यात उतरली आणि पलीकडच्या काठाला लागली. तेवढ्यात गोळ्या आल्या त्या पाठीमागून. जो बांध ते नुकताच ओलांडून आले होते त्याच्याच आतल्या अंगात किमान तीन ठिकाणी जर्मन दडून बसले होते. कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले. बाकीचे सगळे तिथेच पडले. धडधाकट उरले ते एकटे नामदेव.

त्यांनी एका जखमी सोबत्याला उचलले, पाण्यातून परत आणले आणि सुरुंग पेरलेल्या उभ्या चढावरून बांधापलीकडे सुखरूप नेले. मग पुन्हा खाली उतरून दुसऱ्याला आणले. दोन्ही वेळा मशिनगन आणि उखळी तोफांचा मारा चालूच होता. इथे ते थांबले असते तरी कुणी बोल लावला नसता.

ते तिसऱ्यांदा बांध चढून आत उतरले. पहिले ठाणे त्यांनी टॉमीगनने बंद केले. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून देऊन हातबॉम्ब घेतले आणि आणखी दोन ठाणी संपवली. मधे बॉम्ब संपले म्हणून सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. गोळीबार थांबल्यावर ते बांधावर उभे राहिले, मराठ्यांची रणगर्जना केली आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना नदीपार बोलावले. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश सैन्यात शौर्यासाठी याहून मोठे पदक नाही. त्याच संध्याकाळी त्याच नदीवर कोहाटच्या अली हैदर या शिपायालाही ते मिळाले. दोन वर्षांनी दोघांचे देश वेगळे झाले.

आपल्याकडे ही कथा सांगताना बहुतेक वेळा बांधावरच्या गर्जनेपासून सुरुवात होते. चित्र काढायला तेच सोपे आहे. पण सन्मानपत्रातला क्रम वेगळा आहे. त्यात आधी दोन जखमींना वाचवणे येते, मग मारणे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच संध्याकाळी केल्या. त्या तीन ठाण्यांत मेलेलेही कुणाची तरी मुले होती, हे आपण विसरू नये. त्यामुळे नामदेवांचे शौर्य कमी होत नाही. परक्या राजासाठी ते लढले, असेही कुणी म्हणेल. पण त्या घटकेला त्यांच्यासमोर राजा नव्हता, पाण्याकाठी पडलेले दोन सोबती होते.

तीन आठवड्यांतच, २ मे रोजी, इटलीतले युद्ध संपले. तिथे लढलेल्या भारतीयांची संख्या सुमारे पन्नास हजार सांगतात आणि मृतांची ५,७८२. संपूर्ण इटलीच्या मोहिमेत दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय फौजेच्या वाट्याला आले. त्यांतले दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे. दुसरे रायगडचे यशवंत घाडगे. ते जुलै १९४४ मध्ये लढतानाच पडले आणि त्यांची कबर कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. इटलीतील मोन्तोने गावात २०२३ साली त्यांचे स्मारक झाले.

सेनिओपासून फार दूर नसलेल्या फोर्ली शहरात भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. ज्यांचे त्यांच्या धर्माप्रमाणे दहन झाले त्यांच्यासाठी त्याच आवारात वेगळे स्मारक उभारले असून तिथे जवळजवळ आठशे नावे कोरलेली आहेत. गावच्या पाट्यांवर जे झाले नव्हते ते इथे झाले. जर्मनांची मोठी दफनभूमी फुटा खिंडीत आहे, तिथे तीस हजारांहून अधिक सैनिक आहेत.

नामदेव जाधव परत आले, सैन्यात हवालदार झाले आणि नंतर एकोणचाळीस वर्षे जगले. २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. लंडनमध्ये २००२ साली उभारलेल्या स्मारक-दरवाजांजवळच्या छत्रीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या भारतीयांची नावे कोरली आहेत, त्यांत त्यांचेही आहे. ज्या दोघांना घेऊन ते बांध चढले त्यांची नावे मात्र सन्मानपत्रात नाहीत. तिथे फक्त एक जखमी आणि दुसरा जखमी असे लिहिले आहे.