हिवाळा चुकवणारा माणूस

जेराल्ड गार्डनर हे नाव आपल्या कॉलेजात फारसं कुणाच्या ओळखीचं नसेल. हॅरी पॉटरमुळे विच, विझार्ड वगैरे मंडळी आपल्या घरचीच झाली आहेत, पण इंग्लंडात 'विचक्राफ्ट' हा आपला धर्म म्हणून पाळणारी जितीजागती माणसं आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात 'पेगन' लिहिलं आणि सुमारे १३ हजारांनी 'विक्का'. यातला विक्का जगापुढे आणला तो या गार्डनरने. म्हणजे पन्नाशीपर्यंत रबराच्या मळ्यांत आणि कस्टम खात्यात नोकरी केलेल्या एका दमेकरी गृहस्थाने! मला त्याच्या चरित्रात सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते एका गोष्टीने. हा माणूस जन्मभर इंग्लंडचा हिवाळा चुकवत पळाला आणि शेवटी त्यानेच लोकांना वर्षातली सर्वांत मोठी रात्र साजरी करायला शिकवलं.

जन्म १३ जून १८८४, लिव्हरपूलजवळच्या ब्लंडेलसँड्स गावी. घरचा धंदा परदेशी लाकूड आयात करण्याचा आणि तो जोरात चाललेला. पैशाला तोटा नव्हता, तोटा होता तो श्वासाचा. दमा इतका की थंडी सुरू झाली की पोराचे हाल बघवत नसत. त्याला सांभाळायला जोझेफीन मॅकोम्बी नावाची आयरिश दाई होती, तिला घरात कॉम म्हणत. मुलाला हिवाळ्यात उबदार देशात नेते, खर्च तुम्ही करा, असं तिने सुचवलं आणि वडिलांनी ते मान्य केलं. मग दक्षिण फ्रान्स, कॅनरी बेटं, मदिरा... दर वर्षी हीच फिरती. या सगळ्यात शाळा राहिली ती राहिलीच. 'स्ट्रँड' मासिकाचे अंक चाळता चाळता पठ्ठ्या आपला आपणच वाचायला शिकला. स्पेलिंगच्या चुका मात्र म्हातारपणापर्यंत सुटल्या नाहीत.

१९०० साली कॉमचं लग्न सिलोनमधल्या एका चहामळेवाल्याशी झालं आणि सोळा वर्षांचा गार्डनर तिच्याबरोबर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कामाला गेला. तिथून १९०८ मध्ये बोर्निओ, १९११ मध्ये मलाया. आधी चहा, मग रबर. १९२३ पासून सरकारी नोकरी. प्रथम रबराच्या मळ्यांचा इन्स्पेक्टर आणि नंतर जोहोरमध्ये कस्टम खात्यात, अफूच्या दुकानांवर देखरेख. साहेबी क्लबात ब्रिज खेळत बसण्यापेक्षा त्याला डायाक आणि मलाय लोकांच्यात बसून त्यांचे मंत्र-तंत्र, त्यांच्या शस्त्रांच्या कथा ऐकणं जास्त आवडे. मलाय कट्यारीवर म्हणजे क्रिसवर त्याने लिहिलेलं पुस्तक १९३६ मध्ये सिंगापूरला छापलं गेलं. एक दिवस शाळेत न गेलेल्या माणसाचं हे काम आहे, आणि माझ्या मते त्याने आयुष्यात केलेलं सर्वांत प्रामाणिक कामही हेच.

इथे जरा भूगोल. जोहोर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे. तिथे वर्षभर दिवस बारा तासांचा. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात फरक दहा मिनिटांच्या आसपास. मुंबईत हा फरक सव्वादोन तासांचा, म्हणून आपल्याला तो थोडाफार जाणवतो. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांहूनही कमी आणि जूनचा साडेसोळा तासांहून जास्त. छत्तीस वर्षं सूर्य जिथे घड्याळासारखा उगवतो-मावळतो तिथे काढून १९३६ मध्ये निवृत्त झालेला गार्डनर अशा देशात परतला जिथे दुपारी चारला दिवे लावावे लागतात. आपल्याकडे कुणी उन्हाचा विरह सोसत नाही, उलट एप्रिलच्या व्हायवाला ऊन नको नको होतं. त्याच्या शरीराला मात्र तो विरह अक्षरशः सोसवेना. डॉक्टरांनी अंगावर ऊन घ्यायला सांगितलं, म्हणून तो एका नग्नतावादी क्लबचा सभासद झाला. (संपादकांनी कात्री लावू नये, हा चरित्राचा भाग आहे!) हिवाळ्यात सायप्रसच्या फेऱ्याही सुरू झाल्या. १९३८ मध्ये बायको डोनासह तो दक्षिण किनाऱ्यावर हायक्लिफला राहायला गेला. शेजारीच न्यू फॉरेस्ट नावाचं जंगल.

याच सुमारास त्याने अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या एका संस्थेकडून पोस्टाने पैसे भरून डॉक्टरेट मिळवली. नंतर तो आणखीही पदव्या सांगायचा, त्याही खोट्याच निघाल्या. चार वर्षं सबमिशनच्या फायली उपसणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर काय बोलावं? असो. पण ही खोड लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं याच माणसाच्या तोंडून आलेलं आहे.

त्याच्या सांगण्याप्रमाणे सप्टेंबर १९३९ मध्ये हायक्लिफजवळच्या एका मोठ्या घरात काही लोकांनी त्याला आपल्यात घेतलं आणि दीक्षा चालू असताना कानावर आलेल्या एका जुन्या शब्दावरून त्याला उमगलं, की हा युरोपातला ख्रिस्तपूर्व धर्म असून तो लपूनछपून टिकून राहिला आहे. घर होतं डोरोथी क्लटरबक नावाच्या श्रीमंत बाईंचं. ही बाई त्याच्या कल्पनेतली असावी असं कित्येक वर्षं म्हटलं गेलं. १९८० नंतर जुन्या नोंदी धुंडाळल्यावर ती खरीखुरी निघाली, आणि जन्मली होती चक्क हिंदुस्थानात, तिथल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या घरी! फक्त तिच्या उरलेल्या डायऱ्यांवरून ती नेमाने चर्चला जाणारी सभ्य बाईच दिसते. जुना धर्म लपून टिकला ही कल्पनाही गार्डनरची नव्हे. ती मार्गारेट मरे या विदुषीने १९२१ मध्ये मांडली होती. (या बाईंचा जन्म कलकत्त्याचा. योगायोग म्हणून सोडून देऊ.) इतिहासकारांनी मरेबाईंचा सिद्धान्त पुढे साफ नाकारला. म्हणजे पाया खचलेला, साक्षीदार गप्प आणि सांगणारा पदव्या विकत घेणारा.

मग उरतं काय? माझ्या मते बरंच उरतं, पण त्याआधी कायद्याचं बघू. इंग्लंडात १७३५ पासून एक कायदा होता. तो चेटूक करण्याबद्दल शिक्षा देत नसे, चेटूक येत असल्याची बतावणी करण्याबद्दल देई. या कायद्याखाली १९४४ मध्येही हेलन डंकन या मृतात्म्यांशी बोलणाऱ्या बाईला नऊ महिन्यांची कैद झाली. १९५१ मध्ये तो रद्द झाला, त्याच्या जागी लबाडी करून पैसे उकळणाऱ्यांपुरता कायदा आला आणि गार्डनर मोकळेपणाने बोलू लागला. १९४९ मध्ये त्याने टोपणनावाने कादंबरी लिहिली होती, आता १९५४ मध्ये 'विचक्राफ्ट टुडे' स्वतःच्या नावाने आलं. प्रस्तावना मरेबाईंची. आयल ऑफ मॅन बेटावर कॅसलटाऊनला जुन्या पवनचक्कीपाशी जादूटोण्याचं संग्रहालय निघालं होतं, तेही त्याने विकत घेतलं. पांढरी दाढी, पिंजारलेले केस, हातात कडं... पेपरवाल्यांना आणखी काय पाहिजे?

जाता जाता एक गोष्ट सांगतो. या लोकांसाठी मी 'चेटकीण' हा शब्द वापरत नाहीये, ते मुद्दामच. सातपुड्याच्या भागात एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण करण्याचे, जीव घेण्याचे प्रकार झालेले आहेत आणि आपल्याकडे २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. तिथे तो शब्द बाईवर दुसरे लादतात. गार्डनरच्या मंडळींनी तो आपणहून, सुरक्षित देशात, सुट्टीच्या दिवशी घेतला. दोन्हींना एकच शब्द लावणं मला पटत नाही.

आता मुख्य गोष्ट, ऋतुचक्र. १९५३ च्या उन्हाळ्यात डोरीन व्हॅलिएन्टी नावाची तिशीतली बाई या मंडळात आली. तिची दीक्षा झाली ती २१ जूनच्या आसपास, गार्डनर स्टोनहेंजला निघाला होता तेव्हा. तिथल्या ड्रुइड मंडळींना उन्हाळ्यातल्या त्यांच्या विधीसाठी तो आपली तलवार उसनी देत असे! डोरीनचं वाचन दांडगं होतं. विधींच्या वहीतले मोठमोठे तुकडे अॅलिस्टर क्रोली या बदनाम मांत्रिकाच्या पुस्तकांतून उचललेले आहेत हे तिने ओळखलं आणि गार्डनरला तोंडावर सांगितलं. त्यानेही नाकारलं नाही. मला मिळालं ते तुटकं होतं, मी जोडलं, तुला जास्त चांगलं जमत असेल तर तू लिही, असा त्याचा पवित्रा. तिला ते जमलंच. आज जगभर विक्कामध्ये जे म्हटलं जातं त्यातलं कितीतरी तिच्या हातचं आहे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वांत लहान दिवसाचा विधी होता. दुपारी जेवणं झाल्यावर गार्डनरने डोरीनला सांगितलं की आज रात्री म्हणायला काहीतरी हवंय, लिहून दे. तिने बसून लिहिलं आणि रात्री ते म्हटलं गेलं. विधी साधा आहे. मधोमध कढई, तिच्यात स्पिरिट ओतून पेटवायचं. हातात दिवे घेऊन सगळ्यांनी सूर्याच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे तिच्याभोवती नाचायचं, की सूर्य परत जन्माला यावा. विधी अंगावर कपडे न ठेवता करायचे असा गार्डनरचा आग्रह. इंग्रजीत त्याला त्यांचा शब्द आहे 'स्कायक्लॅड', शब्दशः आपलं दिगंबर. बाहेर इंग्लंडची डिसेंबरातली रात्र, आत आग आणि तिच्याभोवती एकोणसत्तर वर्षांचा दमेकरी. हे चित्र मला हास्यास्पद वाटत नाही. लहानपणापासून ज्या काळोखापासून त्याला उचलून दूर नेलं जात होतं, त्याच्यासमोर तो उभा राहिला होता.

सुरुवातीला त्यांचे मोठे सण चार होते. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर लागण्याच्या आदल्या रात्रीचे. गोठ्यात दूध वाढतं तो काळ, उन्हाळ्याचं आगमन, पहिली कापणी आणि मेलेल्यांची आठवण. अयनं आणि विषुवदिन, म्हणजे २१ जून-२२ डिसेंबर आणि २१ मार्च-२३ सप्टेंबरच्या आसपासचे दिवस, पौर्णिमेच्या नेहमीच्या बैठकीत उरकले जात. लंडनच्या उत्तरेला ब्रिकेट वुड इथे गार्डनरने घेतलेल्या जागेत जे मंडळ जमायचं, त्यातल्या लोकांनी १९५८ मध्ये विचारलं की हे चारही पूर्ण थाटात का करू नयेत? गार्डनरने होकार दिला. त्याचा ड्रुइड मित्र रॉस निकल्स यानेही हेच आठ सण पुढे आपल्या पंथात घेतले. झालं आठ आऱ्यांचं चाक तयार! ३६५ भागिले आठ, दर साडेपंचेचाळीस दिवसांनी एक सण. (पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे आरे तंतोतंत समान पडत नाहीत, पण चालायचंच.) त्यातली लिथा, मेबन ही नावं तर १९७० च्या दशकात अमेरिकेत चिकटवली गेली. म्हणजे हजारो वर्षांची प्राचीन परंपरा म्हणून जे चाक पुस्तकांत छापलं जातं, ते त्या रूपात आपल्या आजोबांच्या पिढीतलं आहे.

यामुळे ते खोटं ठरतं का? मित्रांमध्ये यावर माझे वाद झाले आहेत. गार्डनरने त्याचं वय खोटं सांगितलं, हे नक्की. पण २२ डिसेंबरनंतर लंडनमधला दिवस खरोखर वाढतो, हे कुणीही घड्याळ लावून बघावं. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक विक्कावाल्यांनी तर चाक सरळ सहा महिन्यांनी फिरवून घेतलं आहे, ते मोठ्या रात्रीचा सण जूनमध्ये करतात. ग्रंथापेक्षा सूर्याला प्रमाण मानणारी ही रीत मला तरी आवडली.

जुनेपणाच्या हट्टाची किंमत मात्र गार्डनरला मोजावी लागली. पेपरवाल्यांना मुलाखती देण्याची त्याची हौस वाढत गेली आणि सभासदांना भीती, की नाव छापून आलं तर नोकरी जाईल. १९५७ मध्ये डोरीन आणि काही जणांनी प्रसिद्धीवर लगाम घालणारे नियम लिहून पाठवले. उत्तरादाखल गार्डनरने एकदम जुने कायदे काढले. याआधी कुणी पाहिले नव्हते, भाषा ओढूनताणून प्राचीन, आणि त्यात एक कलम असं की पुजारीण वयस्क झाली की तिने तरुण मुलीसाठी मुकाट्याने जागा सोडावी. डोरीन तेव्हा पस्तिशीची. तिला आणखी सांगायची गरज पडली नाही. ती आपल्या लोकांना घेऊन बाहेर पडली. पुढे दोघांचं बोलणं सुरू झालं, पण ते दिवस परत आले नाहीत. १९६० मध्ये डोनाही गेली. नवऱ्याच्या या धर्मात ती कधीच आली नव्हती, तेहतीस वर्षं संसार मात्र टिकवला.

दमा होताच. १९६३-६४ चा हिवाळाही त्याने बाहेरच काढला, लेबनॉनमध्ये. परत येताना १२ फेब्रुवारी १९६४ रोजी 'स्कॉटिश प्रिन्स' जहाजावर सकाळच्या न्याहारीच्या टेबलापाशी हृदयविकाराने तो गेला. दुसऱ्या दिवशी ट्युनिसमध्ये दफन झालं. त्याच्या मंडळातलं कुणी तिथे नव्हतं, जहाजाचा कप्तान तेवढा उभा होता. संग्रहालय त्याने मोनिक विल्सन या शिष्येला दिलं होतं, ते तिने १९७३ मध्ये अमेरिकेतल्या रिप्लेज कंपनीला विकून टाकलं. काही वर्षांनी ट्युनिसमधली ती दफनभूमीही हलवायची ठरली. एलिनॉर बोन या त्याच्या दुसऱ्या शिष्येला ते कळलं तेव्हा तिने वर्गणी जमवली आणि त्याच शहरात, दुसऱ्या दफनभूमीत त्याची हाडं नेऊन ठेवली.